वर्खाची गाडी

आई, तुझी ती गाडी काळी पडली ती माझ्या तोंडच्या वाफेने की दुसऱ्या कशाने, एवढंच मला एकदाचं बघायचंय, आणि त्यासाठी या वयात मी खिडकीत खेळण्यातल्या तीन गाड्या ओळीने मांडून बसलेय. हसू नकोस. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, त्यामुळे महिनाभर नुसती बांधाबांध चाललीय. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, लिफ्ट आत्तापासूनच बंद करून टाकलीय मेल्यांनी, आणि घरात जिकडे बघावं तिकडे खोकी. परवा शोकेस रिकामी करताना माझ्या मुलाने तुझी गाडी उचलली. फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "आई, ही पहिल्यापासून काळीच होती का गं?" मी म्हटलं, "नाही रे, आजीने केली तेव्हा आरशासारखी होती." "मग काळी कशाने झाली?" मी तोंडावर हात ठेवून म्हटलं, "माझ्यामुळे." तो हसला. म्हणाला, "काहीतरीच काय! तुला कसं माहीत?" खरंच की, आई! इतकी वर्षं मी ते धरून बसले होते, पण मला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तू तर फक्त 'हं' म्हणाली होतीस.

मग विचार केला, बघूच. त्याच्या लहानपणीच्या प्लॅस्टिकच्या गाड्या माळ्यावर होत्याच, आजवर टाकवल्या नव्हत्या. त्यातल्या तीन काढल्या, काळ्या रंगाने रंगवल्या, आणि तू जसं करायचीस तसं सगळं करायला बसले. करता करता लक्षात आलं की मला सगळं येतंय. तू मला कधी काही शिकवलं नाहीस, हात तर लावूच दिला नाहीस, तरी येतंय. मला याचा आनंद व्हायला हवा होता. पण खरं म्हणजे मी दमले होते आणि मला रडू आलं.

तू वागळे इस्टेटमधल्या त्या शेडमध्ये जायला लागलीस तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. प्रदर्शनात मांडायची छोटी मॉडेलं बनवणारा कारखाना होता तो. यंत्रं, पूल, धरणं, बंगले. तुझं अक्षर आणि हात बघून त्यांनी तुला बारीक पाट्या रंगवायला घेतलं होतं. शेंगदाण्याएवढ्या पाटीवर तू 'पंपगृह' लिहायचीस, ते भिंगातून बघितलं तरी शिरोरेघ सरळ. संध्याकाळी डोंबिवलीला घरी आलीस की डोळे चोळत बसायचीस आणि म्हणायचीस, "शेडच्या मधोमध बसवलंय मला. उजेड येतो तो पंख्याच्या पात्यांतून कापून कापून येतो गं. एकदा ते खिडकीजवळचं टेबल मिळू दे." ते खिडकीजवळचं टेबल हा आमच्या घरात जेवणाच्या वेळचा विषय होता. तिथे फिनिशिंगवाला बसायचा, म्हणजे मॉडेलवर शेवटचा हात फिरवणारा माणूस. तो गाव सोडून गल्फला गेला आणि टेबल रिकामं झालं, तेव्हा बाबा पण म्हणाले, "आता मागून टाक की." तू म्हणालीस, "मागून मिळत नसतं. करून दाखवावं लागतं."

आणि तेवढ्यात ते काम आलं. एका टायर कंपनीला आपल्या दुकानांच्या शोकेसमध्ये ठेवायला जुन्या काळच्या रेसच्या गाड्या हव्या होत्या, हातभर लांबीच्या. आधी एक नमुना, तो पसंत पडला तर पुढच्या सगळ्या. तू फोटो घरी आणला होतास, कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेला. लांबुडकी गाडी, चाकं अंगाबाहेर, डोक्यावर छप्पर नाही, आणि अंगावर रंग नाही. नुसता पत्रा, ठोकून ठोकून गोल केलेला. वजन वाचवायला रंगच द्यायचे नाहीत म्हणे. साहेबांनी तुला सांगितलं होतं, "बाई, बॉडी आम्ही फायबरची करून देतो. ती पत्र्याची दिसली पाहिजे. जमलं तर फिनिशिंग तुमच्याकडे, माणसं पण तुम्हीच निवडा." तू त्या दिवशी घरी आलीस ते श्रीखंड घेऊन. सण नाही, वार नाही, आणि आपण श्रीखंड खातोय.

पण जमेना. आधी चंदेरी रंग मारून बघितलास. सोसायटीच्या गेटला मारतात तसली दिसायला लागली गाडी. मग पेन्सिलीचं शिसं पूड करून बोटाने घासलंस, तर ते लोखंड झालं. इंजिनाच्या धुराच्या नळीला ते इतकं फक्कड दिसलं की नळी तू तशीच ठेवलीस, पण अंगाला नको होतं. मग कुणीतरी तुला सांगितलं की सिगारेटच्या पाकिटातली चांदी वापर. झालं! तू नाक्यावरच्या पानवाल्याकडे रिकामी पाकिटं मागायला जायला लागलीस. आपल्या त्या कॉलनीत, जिथे बायका पानपट्टीसमोरून जाताना पदर सावरून पलीकडचा फुटपाथ धरायच्या! पानवाला बिचारा पाकिटं पिशवीत भरून ठेवायचा आणि मोठ्याने हाक मारायचा, "वहिनी, तुमचा माल आलाय!" बाबांना कचेरीतल्या कुणीतरी विचारलं, "काय हो, वहिनींना हे कधीपासून?" बाबा घरी येऊन पाय आपटत म्हणाले, "मी जन्मात विडी ओढली नाही, आणि आता सगळी डोंबिवली समजतेय की बायको ओढते!" तू बादलीत पाकिटांचे कागद भिजत घातले होतेस. चांदी कागदापासून सुटी करत मान वर न करता म्हणालीस, "सांगा त्यांना, ओढत नाही, भिजवते."

ती चांदी सपाट जागी छान बसायची. बसवलीस की कापूस गुंडाळलेल्या काडीने घासायचीस, आणि तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं की पत्र्याला दिशा असते. "हे बघ, हा तुकडा आडवा घासला, शेजारचा उभा. आता दोन वेगळे पत्रे दिसतात की नाही? नुसतं चमकवलं की भांडं होतं. गाडी वेगवेगळे पत्रे जोडून झालीय, ते दिसायला हवं." संपलेल्या रिफिलीचं टोक टेकवून टेकवून तू पत्रे जोडणारी रिबिटं उठवलीस. पण गाडीचं नाक गोल होतं. तिथे चांदीला चुण्या पडायच्या. तू ओढायचीस, ती फाटायची. पुन्हा लावायचीस, पुन्हा चुणी. पंधरवडाभर घरात दुसरं काही नाही. आमटी खारट, बाबा गप्प, मी शाळेची डबाबाटली स्वतःच विसळतेय. मी जवळ आले की तू न बघता म्हणायचीस, "ए, हात लांब. लांब बस."

माझ्या तळहातांना घाम यायचा. अजून येतो. वहीची पानं ओली व्हायची, फुगडीला मुली हात धरायला तयार नसायच्या. तुझ्या कामाला घामाचं बोट म्हणजे काळ. एकदा मी गाडीच्या दाराला नुसतं बोट लावलं तर आठवड्याने तिथे माझा ठसा उमटला, आणि तू तो सबंध पत्रा खरवडून काढलास. मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू फरशीवर खडूने रेघ ओढलीस आणि म्हणालीस, "ह्याच्या अलीकडे हात आणायचे नाहीत." मी त्या रेघेपाशी हात पाठीमागे बांधून बसायचे आणि तुझ्याकडे बघायचे. तुझे हात कोरडे, लांब, अंगठ्यावर ब्लेडचा जुना वण. मला त्या हातांचा फार राग यायचा आणि फार हेवा वाटायचा, दोन्ही एकदम.

चांदीच्या वर्खाची कल्पना तुला काजूकतलीवरून सुचली. विठ्ठलवाडीला कुणाकडे तरी बारशाला गेलो होतो, आणि तिथे काजूकतली तोंडात घालायची सोडून तू ती उजेडाकडे धरून वाकडी-तिकडी करत बसलीस. यजमानीण विचारतेय, "काय हो, केस निघाला का?" तू कुठली ऐकतेस! परत येताना उल्हासनगरच्या बाजूच्या एका सिंधी मिठाईवाल्याकडे शिरलीस आणि नुसता वर्ख मागितलास. तो म्हणाला, "अच्छा, घर में शादी है?" तू तुझ्या त्या हिंदीत म्हणालीस, "शादी नहीं, गाडी है."  पण त्याने वर्ख दिला, पातळ कागदांच्या मध्ये ठेवलेला, आणि हात जोडून बजावलं की पंख्याखाली उघडू नका.

पंख्याखाली उघडायचा नव्हता म्हणूनच तू शुक्रवार धरलास. शुक्रवारी इस्टेटला सुट्टी आणि आपल्या भागात लाईटीची पण सुट्टी. लोक शिव्या घालायचे, तुला मात्र ती पर्वणी. दारं बंद, खिडक्या बंद, पंखा मेलेला, हवा ठार हलत नाही. तू हातांना पावडर लावून बसलीयस, पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचा घाम दंडाला पुसतेयस. गाडीवर तू आधी काळा रंग देऊन तो पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून काचेसारखा केलायस, त्यावर बाभळीचा डिंक आणि खडीसाखरेचं पाणी ब्रशने लावून पूर्ण वाळवलंयस. ओल्या डिंकावर वर्ख ठेवला की तो गोळा व्हायचा. वाळलेल्यावर तो बसायचाच नाही. डिंकाला नुसती जाग यायला हवी होती, आणि ती यायची तोंडच्या वाफेने. पण तू वाफ सोडायला वाकलीस की हातातला वर्ख उडायचा. दोन हात वर्खात गुंतलेले, तोंड तिसरीकडे हवं. मग तू बाबांना बोलावलंस, ते त्या दिवशी रजेवर होते. बाबांनी चष्मा काढला, वाकले, आणि जोरात "हाऽ" करून गाडीवर चक्क शिंतोडे उडवले. तू किंचाळलीस, "अहो, शिंपण करायला नाही बोलावलं!" बाबा जे उठले ते पेपर घेऊन गॅलरीत.

मग तू माझ्याकडे बघितलंस. मी सकाळची शाळा करून आलेली, रेघेपलीकडे, हात पाठीमागे. म्हणालीस, "ये. हात तसेच ठेव. नुसती हाऽ कर. आरशावर करतेस तशी, हळू." मी रेघ ओलांडली. नाकापाशी तोंड नेलं, हाऽ केलं. काळ्या रंगावर धुकं आलं आणि गेलं, आणि ते जायच्या आत तू वर्ख टेकवलास. बसला, एकही चुणी न पडता. तू पुढचा वर्ख उचललास आणि हनुवटीने खूण केलीस, इथे. मी हाऽ. मग इथे. पुन्हा हाऽ. सबंध दुपार आपण तसंच केलं. मला भोवळ यायला लागली तेव्हा तू थांबलीस, माझ्या तोंडाला पाण्याचा पेला लावलास, कारण माझे हात पाठीमागेच होते, आणि म्हणालीस, "ह्यांची वाफ ओली. तुझी बरोबर आहे. जास्त टिकते." आई, मला पुढे बक्षिसं मिळाली, नोकरीत मान मिळाला, लोकांनी चांगलं म्हटलं. पण 'तुझी बरोबर आहे' असं मला नंतर कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

त्यावर तू आजोबांच्या सारीपाटातली कवडी घोटून फिरवलीस, प्रत्येक पत्र्यावर वेगळ्या दिशेने, आणि संध्याकाळी लाईट आल्यावर गाडी दिव्याखाली धरलीस. मी शप्पथ सांगते, ती ठोकलेल्या पत्र्याची होती. वजन दिसत होतं तिच्यात. बाबा गॅलरीतून आत आले, बघितलं, आणि राग विसरून म्हणाले, "अगं, ही चालू होईल की काय!" शनिवारी तू ती स्टीलच्या डब्यात कापूस घालून शेडमध्ये नेलीस. साहेब खूश. एवढंच म्हणाले, "बाई, वरून पारदर्शक लॅकरचा हात मारून टाका, म्हणजे काळजी नको." तू घरी येऊन आमच्यावरच तोफ डागलीस, "लॅकर मारला की तो रंगच झाला! मग पत्रा कुठे राहिला? काच लावलेल्या फोटोला कुणी माणूस म्हणतं का?" शेडमध्ये पॉलिशच्या चाकाची धूळ उडते म्हणून कंपनीची माणसं येईपर्यंत गाडी आपल्याच घरी राहणार होती. ती माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती.

ती आली नाहीत. आज येतो, उद्या येतो, मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, असं चाललं. गाडी शोकेसमध्ये. आधी तिला पिवळसर झाक आली. बाबा म्हणाले, "सोन्याची झाली," आणि तू पण हसलीस. मग कडेकडेने तांबूस, मग नाकावर जांभळी. तू रोज कामावर जाताना शोकेसची काच सरकवायचीस आणि घाईने बंद करायचीस, जणू जास्त वेळ बघितलं तर वाढेल. शेवटी निरोप आला, उद्या येताहेत. त्या संध्याकाळी तू टूथपेस्ट घेऊन नाकाचा एक कोपरा अगदी हलक्या हाताने पुसलास, आणि वर्ख निघून खालचा काळा रंग दिसायला लागला. तू हात काढून घेतलास. बाकी जेवढी होती तेवढी दुसऱ्या दिवशी डब्यात घालून घेऊन गेलीस. लॅकर नव्हता, नवा वर्ख चढवायला वेळ नव्हता. कंपनीचा माणूस म्हणाला, "ही काय, आगीतून काढलीय का?"

तू नेहमीच्या वेळेला परत आलीस. गाडी शोकेसमध्ये ठेवलीस. हातपाय धुतलेस, मेथीची जुडी घेऊन निवडायला बसलीस.  मग तू स्वतःच सांगितलंस की स्प्रे मारणारा एक माणूस येणार आहे सोमवारपासून, चंदेरी स्प्रे, कंपनीला तेच चालतं, खिडकीजवळ बसणार आहे. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं." तू मेथीची पानं खुडत राहिलीस. आणि मग, मान वर न करता, "त्या शुक्रवारी तू काय खाल्लं होतंस गं?" मी म्हटलं, "भाकरी. लसणीची चटणी." तू म्हणालीस, "हं."

बस्स, तेवढंच. ना ओरडलीस, ना पुन्हा कधी विषय काढलास. सोमवारी पुन्हा शेडच्या मधोमध बसून 'पंपगृह' लिहायला लागलीस. पण तो 'हं' माझ्या घशात अडकून बसला, आई. मी लसूण सोडला. लग्नानंतर सासूबाईंना वाटलं चातुर्मास पाळते, चातुर्मास संपला तरी मी पाळतच राहिले. कुणाच्या जवळ जाऊन बोलायची वेळ आली की अजून माझा हात तोंडावर जातो. नवरा चेष्टा करायचा, "लाजतेस काय, आता दोन मुलांची आई झालीस." बँकेत काउंटरला होते तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायची, "मॅडम, मोठ्याने बोला." मी बोलायचे, मान वळवून. लोकांना वाटलं शिष्ट आहे. असू दे म्हटलं.

तू शेवटी आजारी पडलीस तेव्हा कळव्याच्या हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी असायचे. तुझ्या तोंडावर तो मास्क, आत वाफ धरायची आणि विरायची, धरायची आणि विरायची. तुझे हात चादरीवर, अजून कोरडे. मला विचारायचं होतं, माझ्यामुळे का गं झालं ते? नुसतं विचारायचं होतं, हो म्हणाली असतीस तरी चाललं असतं. पण विचारायला तुझ्या कानाशी वाकायला हवं होतं, आणि माझा हात तोंडावर. तू गेलीस तेव्हा मी विशीतली होते, आणि नंतर संसाराच्या रगाड्यात कोण कुणाला विचारतंय.

तर या तीन गाड्या. त्या मिठाईवाल्याच्या गादीवर आता नातू बसतो, त्याला फक्त "वर्ख" म्हटलं, गाडीचं काढलं नाही. माझ्या हातांना मी दुकानातले पातळ हातमोजे घातले, तुझ्या वेळी असते तर माझं बालपण वेगळं गेलं असतं. पहिल्या गाडीला मी लसणीची चटणी खाऊन हाऽ केलं. इतक्या वर्षांनी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने आलं असं आपण म्हणू. दुसरीला तोंड लावलंच नाही, किटलीची वाफ दिली. मुलाला वर्ख धरायला बोलावलं, तर त्याने दोन फाडले आणि म्हणाला, "आई, हे वेड आहे." तिसरी दुसरीसारखीच, पण वरून नखांना लावतात ते पारदर्शक पॉलिश फिरवलं. आणि तिन्ही खिडकीत, जिथून ती आपली एमआयडीसीची हवा येते. तू होतीस तेव्हाही संध्याकाळी नासक्या अंड्यासारखा वास यायचा, अजून येतो, फक्त आता आम्ही त्यावर व्हॉट्सॲपवर तक्रारी करतो.

हे अर्धवट टाकून मध्ये बरेच दिवस गेले. खोकी बांधली, गॅसवाल्याकडे खेटे घातले, कंबर धरली. आज पुन्हा लिहायला बसलेय, कारण आता बघायचं काही उरलं नाही. पहिली गाडी पिवळी झाली, मग तांबूस, मग काळी. दुसरी पण पिवळी, तांबूस, काळी. मी दोन्ही रोज शेजारी शेजारी धरून बघत होते, चष्मा लावून, चष्मा काढून. सारख्याच. चटणीवाली एका दिवसानेसुद्धा पुढे नाही. तिसरी, पॉलिशवाली, अजून लखलखतेय, आणि आई, तू म्हणत होतीस तशीच दिसतेय ती. मेलेली. जत्रेतल्या खेळण्यासारखी.

म्हणजे हवेनेच झालं. आणि ते तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस! दर गणपतीच्या आधी निरांजन, अत्तरदाणी, माझे पैंजण, सगळं चिंचेने घासायला तूच बसायचीस आणि म्हणायचीस, "ह्या डोंबिवलीत चांदीला काही धर्मच राहिला नाही." तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू लॅकर मारला नाहीस, कारण तुला पत्रा हवा होता, पत्र्याचं चित्र नको होतं. वाटलं असेल, आठवड्यात माणसं येतील, पसंत करतील, मग पुढचं पुढे. तू टेबल हरलीस ते तुझ्या हट्टापायी हरलीस, आणि मेथी निवडताना एका क्षणापुरतं तुला दोष द्यायला दुसरं कुणीतरी हवं होतं. मी समोर होते. मी खूप चिडले तुझ्यावर. परवा दिवसभर भांडी आपटली मी, सून घाबरून विचारायला आली. अगं, एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला? 'तुझ्यामुळे नाही गं.' चार शब्द पण नाहीत. आणि तरी तिसरी गाडी हातात घेतली की वाटतं, तुझ्या जागी मी असते तरी लॅकर मारला नसता. आपण दोघी सारख्याच मूर्ख.

आता सुटले, असं वाटायला हवं होतं. मुलगा म्हणाला पण, "झालं ना समाधान? तुझ्यामुळे नाही झालं." मी हो म्हटलं. पण तुला म्हणून सांगते, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या गाडीवर सगळीकडे तुझे हात आहेत आणि काळेपणा तेवढा माझा आहे. आता तोही माझा नाही.

संध्याकाळी गाडी खोक्यात ठेवली. आत हलत होती, म्हणून हे लिहिलेले कागद चुरगळून तिच्या चारी बाजूंनी कोंबणार आहे. नव्या घरात कधी जायचं, जायचं की नाही, देव जाणे. आज जेवणात लसणीची चटणी केली होती, दोनदा वाढून घेतली. आणि आता, कागद कोंबायच्या आधी, तिच्या नाकापाशी वाकून एकदा हाऽ केलं. धुकं आलं आणि गेलं. हात पाठीमागेच होते.